बाटलीतली तयार ग्रेव्ही आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांचा स्वयंपाक

जुळेकरीण

मंडळी, प्रश्न साधा आहे. काचेच्या बाटल्यांमधली तयार ग्रेव्ही आता आपल्या सोलापुरात विजापूर रोडच्या किराणा दुकानांतही दिसायला लागली आहे. मखनी, कढई, टिक्का मसाला, कोर्मा वगैरे. पनीर नाहीतर चिकन टाकायचं, मंद आचेवर थोडा वेळ रटरटू द्यायचं की झालं. सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या जेवणाला कुणी नियमित वापरतं का? कोणती भाजी जमते, कोणती फसते? चव आंबटगोड लागते त्यावर काही उपाय? आणि त्यातल्या मिठाचं, प्रिझर्व्हेटिव्हचं खरं काय?

पार्श्वभूमी एवढीच की घरी पोचायला मला साडेसात होतात, नवऱ्याची एमआयडीसीत शिफ्ट, सासूबाई सत्तरीच्या आणि मुलगा आठवीत. त्याला आठला भूक लागते म्हणजे लागतेच. सासूबाई म्हणतात, "बाटलीतलं खायला आपण काय प्रवासात आहोत का?" आता कांदा-खोबरं भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतायचं म्हटलं तर रोजचा पाऊण तास जातो आणि तो मला दुसरीकडे हवाय.

'ताजं करा, आरोग्याला चांगलं' हे मला माहीत आहे. तेवढं सोडून बोला.

टॉवेलवाला

पहिला! बाकीचं जेवून आल्यावर.

खमंग_काकू

ताजं करा, आरोग्याला चांगलं.

का_बे

काय म्हणलालाव काकू, तिनं तेवढंच सोडून बोला म्हणलंय की ओ.

खमंग_काकू

वाचता येतं मला. मुद्दाम लिहिलं. आपल्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, आवक इतकी होते की लिलाव बंद ठेवायची वेळ येते. अशा गावात राहून परगावच्या कारखान्यात वाटलेला कांदा बाटलीतून विकत आणायचा? मला पटत नाही. जुळेकरीण, राग मानू नकोस. तुझी ओढाताण कळते. पण कांदा भाजण्याला काही पर्याय नाही असं माझं मत.

काचबरणी

अन्नप्रक्रिया शिकलोय आणि काही वर्षं एका सॉसच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

बाटली टिकते ती आंबटपणा, उष्णता आणि हवाबंद झाकण यांच्या जोरावर. पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू त्यात वाढत नाहीत. म्हणून टोमॅटो असतोच, शिवाय सायट्रिक आम्ल (लेबलवर आयएनएस ३३०, हा घटकाचा संकेतांक) नाहीतर ॲसिटिक आम्ल (आयएनएस २६०) घालतात. मग कढत असतानाच भरून झाकण लावतात. निवलं की आत निर्वात होतं आणि झाकणाचा मधला भाग खाली ओढला जातो. तुम्हाला लागणारा आंबटपणा इथून येतो, आणि तो झाकायला साखर येते. आंबटगोड चवीचं सगळं गुपित एवढंच.

प्रिझर्व्हेटिव्ह प्रत्येक बाटलीत असतंच असं नाही. लेबलवर २११ दिसलं तर सोडियम बेंझोएट, २०२ दिसलं तर पोटॅशियम सॉर्बेट. ४१५ म्हणजे झँथन गम आणि १४२२ म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च, हे दोन्ही दाटपणासाठी. आकडे बघून घाबरू नका. पण घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, तेव्हा 'काजू मखनी' नावाच्या बाटलीत काजू स्टार्चच्याही खाली असेल तर आपण कशाचे पैसे मोजतोय ते बघावं.

मिठाचा हिशोब सोपा आहे. लेबलवरच्या सोडियमला अडीचनं गुणायचं. समजा १०० ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर मीठ झालं सव्वा ग्रॅम. ४०० ग्रॅमची बाटली चौघांत संपवली की माणशी सव्वा ग्रॅम. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका जेवणाला हे चालून जातं, फक्त वरून सवयीनं चमचा टाकायचा नाही आणि ताटात पापड, लोणचं, शेंगा चटणी यांची जत्रा भरवायची नाही.

का_बे

शेंगा चटणीला मध्ये का ओढलालाव सर? सोलापुरात राहायचं का नाही?

लेस्टरवासी

जन्म टिळक चौकात, सध्या मुक्काम इंग्लंडातलं लेस्टर. इकडे या बाटल्यांची भिंतच्या भिंत असते दुकानात, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. 'सॉस' आणि 'पेस्ट' या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि बाटल्या दिसतात सारख्याच. सॉस म्हणजे तयार ग्रेव्ही, त्यात फक्त रटरटवायचं. पेस्ट म्हणजे तेलात परतलेला घट्ट मसाला, दोन-तीन चमचे पुरतात, कांदा-टोमॅटो आपला घालायचा. पाटक्सचं नाव ऐकलं असेल. लक्ष्मीशंकर पाठक १९५० च्या दशकात केनियातून ब्रिटनमध्ये आले आणि समोसे-मिठाई विकता विकता मसाल्यांच्या पेस्टपर्यंत पोचले. २००७ मध्ये ती कंपनी एका मोठ्या ब्रिटिश उद्योगसमूहानं घेतली. माझं वैयक्तिक मत, पेस्ट घ्यावी. कांदा आपला राहतो, साखर नसते किंवा नावाला असते, आणि बाटली बरेच दिवस पुरते.

सॉसच घेतला असेल तर थेट पातेल्यात ओतून त्यात कच्चं चिकन सोडू नका. सगळे तेच करतात आणि मग म्हणतात, चव पाणचट. आधी चिकनला हळद-मीठ लावून चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी लालसर करा, बाजूला काढा. त्याच पातेल्यात आलं-लसूण, एखादी हिरवी मिरची, अर्धा कांदा हवा तर. मग सॉस. आता महत्त्वाचं: रिकाम्या बाटलीत अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण लावा, खळखळून हलवा आणि तेही पातेल्यात. तळाशी आणि खांद्यापाशी चिकटलेला मसाला वाया जात नाही, ग्रेव्हीही सैल होते. आच बारीक. साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर बुडाला लागतं आणि तो करपट वास मग जात नाही. चिकन आत सोडून पंधरा-वीस मिनिटं, शेवटी कसुरी मेथी चुरून.

बटाटा मात्र कच्चा टाकू नका. तासभर शिजवला तरी मधून कचकच लागतो.

काचबरणी

लेस्टरवासी, बटाट्याचं निरीक्षण अगदी बरोबर. आंबट रसात भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून बटाटा, गाजर, भिजवलेले छोले, राजमा हे सगळं आडमुठेपणा करतं. चिंच-गूळ आमटीत डाळ शिजल्यावर घालतो, आधी नाही, त्याचं कारणही हेच. तेव्हा जुळेकरीणबाई: बटाटा, छोले, फ्लॉवर आधी कुकरला, मग ग्रेव्हीत. पनीर, उकडलेली अंडी, मटार, मशरूम, सिमला मिरची थेट चालतात. पनीर सगळ्यात शेवटी. फार रटरटलं की रबर होतं.

पूर्वभाग

आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, साखर पेठेत वाढलो. आमच्या घरी 'बाटलीतलं' ही भानगड आधीपासूनच आहे, फक्त बाटलीच्या जागी चिनी मातीची बरणी. कच्च्या चिंचेचा तोक्कू मीठ-हळद घालून कुटून ठेवतात. आई संध्याकाळी दमून आली की त्यातला लिंबाएवढा गोळा काढायचा, लसूण-मिरची-जिऱ्याची फोडणी, गरम भात, झालं जेवण. आई विडी वळायची. हजार विड्या झाल्याशिवाय हातात मजुरी पडायची नाही. ती काय रोज वाटण वाटत बसणार होती? कुणी तिला 'ताजं कर' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

खमंग_काकू

पूर्वभाग, मान्य. पण तो तोक्कू घरचा होता ना.

पूर्वभाग

घरचा म्हणजे आजीचा. एका बाईचा वेळ वाचायचा, दुसरीचा खर्ची पडायचा. आता आजी नाही, कारखाना आहे. एवढाच फरक मला दिसतो.

टॉवेलवाला

जेवून आलो. पिठलं-भाकरी. कुठपर्यंत आलं?

बार्शीचा_पाहुणा

पूर्वभाग यांनी नस पकडली. त्यात माझी भर. आमच्याकडे येसर असतो. लग्नाकार्यात करतात तो येसर. गहू, हरभरा डाळ, ज्वारी खमंग भाजून, धने-जिरे-खोबरं-मिरची वेगळं भाजून, सगळं जाडसर दळून डब्यात. पाण्याला उकळी आली की येसर पाण्यात कालवून सोडायचा, वरून लसणाची फोडणी, दहा मिनिटांत दाट आमटी. ना कांदा चिरायचा ना वाटण. ही आपली तयार ग्रेव्हीच की! फक्त कोरडी, त्यामुळे काचेची बाटली लागत नाही, आंबट आम्लही लागत नाही. पाणीच नाही तर जंतू वाढणार कशात?

मुलगा पुण्यात होस्टेलवर आहे. त्याच्या बॅगेत येसर आणि काळा मसाला जातो, मखनीची बाटली नाही.

करमाळकर

येसर आमटी चांगलीच, पण बाजार आमटीपुढे काही नाही. विषय संपला.

बार्शीचा_पाहुणा

झालं सुरू. करमाळकर, तुमची बाजार आमटी चार डाळींची आणि करायला निवांतपणा लागतो. इथे विषय पंधरा मिनिटांचा आहे.

करमाळकर

चव बघायची का घड्याळ?

जुळेकरीण

घड्याळ. अहो, धागाच त्याचा आहे.

भाकरतुकडा

मी एक वेगळीच अडचण मांडतो. या बाटल्या भात किंवा नान डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी, आणि मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर भाकरीलाच स्वतःची गोडी असते. तिच्याशी गोडुस मखनी खाल्ली की गोडावर गोड होतं, तोंडाला चव राहत नाही. भाकरीला लागतं तिखट, खारट, लसणाचं, वर तवंग असलेलं काहीतरी. कडक भाकरी चुरून कालवायला तर सैल रस्सा हवा, क्रीम नव्हे.

त्यावर मी काढलेला तोडगा: कढई किंवा साधी कांदा-टोमॅटो ग्रेव्ही घ्यायची, मखनी-कोर्मा घ्यायचंच नाही. तेल तापवून ठेचलेला लसूण आणि चमचाभर काळा मसाला टाकायचा, लगेच ग्रेव्ही, दुप्पट गरम पाणी, आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. कुटानं आंबटपणा बोथट होतो, दाटपणा येतो आणि भाजीला आपला वास येतो. वांगी, शेवगा, उकडलेली अंडी, काहीही सोडा. अर्धी बाटली पुरते चौघांना. पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

का_बे

वाचूनच भूक लागलाली. ह्यांचा पत्ता द्या बे कुणीतरी.

जुळेकरीण

भाकरतुकडा, हे फार उपयोगाचं. कुटाचं डोक्यातच आलं नव्हतं. वांगी आधी परतून घेता की थेट?

भाकरतुकडा

काटेरी छोटी वांगी असतील तर तेलात झाकण ठेवून अर्धवट शिजवून. काचबरणी सरांचं पेक्टिन वांग्यालाही लागू आहे असं आमची कढई सांगते.

नवी_पेठ_नवा_विचार

सगळं वाचलं. बाटली, पेस्ट, येसर, तोक्कू, आमटी. एकानंही विचारलं नाही की शिफ्ट नसेल त्या दिवशी नवरा काय करतो? आठवीतला मुलगा कांदा चिरू शकत नाही का? जुळेकरीण, रोख तुझ्यावर नाही. पण 'बाईचा पाऊण तास वाचवायला काय विकत आणावं' यावर इतके प्रतिसाद आणि 'तो पाऊण तास वाटून कसा घ्यावा' यावर शून्य.

टॉवेलवाला

आता धागा पन्नाशी गाठणार. पाणी पिऊन येतो.

नळाला_पाणी

पाणी आलं का तुमच्याकडे? आमच्याकडे उद्या आहे म्हणे.

टॉवेलवाला

माठातलं पितोय.

नळाला_पाणी

हसू नका, यात विषयाला धरून मुद्दा आहे. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे स्वयंपाकाचा खर्च भांड्यांतही मोजायला हवा. वाटणाची भाजी म्हणजे कढई, तवा, मिक्सरचं भांडं, त्याचं झाकण, पाती, चाळण. मिक्सरच्या पात्याखाली अडकलेलं खोबरं काढायला किती पाणी जातं ते विचारू नका. बाटली म्हणजे एक पातेलं. उन्हाळ्यात, उजनी धरणाची पातळी पेपरात पहिल्या पानावर यायला लागली की आमच्याकडे बाटल्या येतात. पावसाळ्यात पुन्हा वाटण. हे कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

खमंग_काकू

हे मात्र खरं. मिक्सरचं भांडं ही शिक्षा आहे.

जुळेकरीण

नवी पेठ, रोख माझ्यावर असला तरी हरकत नाही, मुद्दा बरोबर आहे. नवऱ्याची दुपारची शिफ्ट असते त्या आठवड्यात तो रात्री उशिरा येतो, पण सकाळची असली की चारला घरी असतो. भाकरी त्याला येत नाही, पण बाटली उघडून पातेल्यात ओतता येते, आणि खरं सांगायचं तर बाटली आणायचं त्याच्याच डोक्यात आलं. "एवढं मी करतो," म्हणाला. वाटण त्याच्यावर सोपवलं तर तो स्वयंपाकघरातून चार वेळा हाक मारतो. त्यामुळे बाटलीनं आमच्याकडे काम थोडं वाटलं गेलं, हेही नोंदवून ठेवते.

नवी_पेठ_नवा_विचार

मग बाटली जिंदाबाद. माझी तक्रार मागे.

निवृत्त_हेडमास्तर

मी एकटा राहतो. मुलगा बंगळुरूला. या चर्चेत सगळे चौघांचं बोलत आहेत, म्हणून एका माणसाचं सांगतो. एकट्यासाठी वाटण म्हणजे एका कांद्याचं, आणि एका कांद्याचं वाटण मिक्सरमध्ये फिरतच नाही, भिंतीला चिकटून बसतं. बाटली मला सोयीची पडते. पण उघडलेली बाटली किती दिवस टिकेल याची चिंता असते. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायला भिंग घेतो. उरलेली ग्रेव्ही बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवतो. दोन क्यूब, एक अंडं, एक भाकरी. भाकऱ्या शेजारच्या बचत गटाच्या ताई देतात.

काचबरणी यांना एक शंका. सुनेनं सुचवलं आहे की सुट्टीत आली की ती घरचंच वाटण करून बाटल्यांत भरून ठेवेल, उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवून, म्हणजे बाहेरच राहील. हे सुरक्षित आहे का?

काचबरणी

सर, नाही. हे ठळक अक्षरात समजा.

कांदा-खोबरं-लसणाचं वाटण आंबट नसतं. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं आणि तेही ठरावीक वेळ, बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेल असं. कारखान्यात त्यासाठी रिटॉर्ट नावाचं यंत्र असतं. घरी उकळून झाकण लावलं की हवा निघून जाते आणि बीजाणूंना नेमकी तशीच जागा हवी असते. वास येईलच असं नाही, रंग बदलेलच असं नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवू नये, तेच कारण.

घरचं वाटण गोठवावं. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून, पूर्ण निववून, पिशवीत चपटं पसरून फ्रीजरमध्ये. पाटी झाली की हवा तेवढा तुकडा मोडून घ्यायचा. खोबरं त्यात नको, फार दिवस राहिलं की खवट होतं. ते आयत्या वेळी. लाईट बराच वेळ गेली आणि वाटण पूर्ण वितळलं तर परत गोठवू नका, त्या दिवशी वापरून टाका. तेही लाईट आली तोवर थंडगार असेल तरच, कोमट झालं असेल तर फेकून द्या.

निवृत्त_हेडमास्तर

आभारी आहे. सुनेला जसंच्या तसं पाठवतो.

मोदी_खान्याजवळ

माझा अनुभव वाईट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीचं झाकण मधून फुगलेलं होतं, दाबलं की 'टिक्' करून खाली जायचं आणि परत वर यायचं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "वाहतुकीत असं होतं, वापरायला हरकत नाही." उघडली तर फस्सकन फेस. सरळ नाल्यात ओतली आणि खिडक्या उघडल्या.

काचबरणी

उघडायलाच नको होती. फुगलेलं झाकण असेल तर बाटली तशीच पिशवीत बांधून टाकावी, चाखून तर अजिबात बघू नये. आणि तक्रार विक्रेत्याकडे नाही, लेबलवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो आणि बॅच क्रमांक देऊन अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. दुकानात घेतानाच झाकणाच्या मध्यावर बोट दाबून बघा. हललं तर परत फळीवर.

का_बे

म्हणजे आता मॉलमध्ये सगळी सोलापुरी जनता झाकणं दाबत फिरणार. सिक्युरिटीवाला विचारला तर काचबरणी सरांचं नाव सांगतो.

लेस्टरवासी

इथे मी वर्षानुवर्षं दाबतोय, कुणी विचारत नाही.

अवांतर: इथे गोऱ्या शेजाऱ्यांकडे बुधवारची ठरलेली 'करी' असते. बाटली, चिकन, बासमती. त्यांच्या दृष्टीनं तो घरचा स्वयंपाक, कारण कांदा त्यांनी स्वतः चिरला. आपण बाटली उघडली की चोरी केल्यासारखं वागतो. मागच्या वेळी सोलापूरला आलो तेव्हा वहिनींनी बाटली कचऱ्यात खाली घालून वर कांद्याची सालं टाकली होती.

खमंग_काकू

त्या वहिनी मला आवडल्या.

पूर्वभाग

बाटली कचऱ्यात? अहो, एवढी जाड काच! शेंगा चटणी राहते त्यात. फक्त झाकणाच्या रबराला मसाल्याचा वास राहतो. खायच्या सोड्यानं चोळून सोलापूरच्या उन्हात उलटं ठेवा. एप्रिलचं ऊन असेल तर वासाचा बापही पळतो. लेबलचा डिंक निघत नसेल तर खोबरेल तेल लावून रात्रभर.

हॉटेलवाला_सातरस्ता

एवढा वेळ गप्प वाचत होतो. लॉजिंग-बोर्डिंगचा धंदा आहे, स्वयंपाकघर माझ्याच अंगावर. तुम्ही जी चव 'बाटलीची' म्हणता ती मुळात हॉटेलची आहे. आम्ही सकाळी तीन पातेली करून ठेवतो: पांढरी काजू-मगज, लाल टोमॅटो, तपकिरी कांदा. संध्याकाळी येईल ती ऑर्डर याच तिन्हींच्या मिश्रणातून निघते. बाटलीवाल्यांनी तेच भरून विकायला घेतलं. म्हणून ती घरच्या भाजीसारखी लागणार नाही, लागू पण नये. रोज हॉटेलचं खाऊन माणूस कंटाळतो तसा बाटलीनंही कंटाळेल. आठवड्यातून दोनदा ठीक.

आणि एक धंद्यातली गोष्ट फुकट सांगतो. बाटलीतली ग्रेव्ही 'झोपलेली' असते. ती उठवायला शेवटी ताजं काहीतरी कच्चं लागतं: बारीक चिरलेलं आलं, कोथिंबिरीचे देठ, कुस्करलेला पुदिना, नाहीतर तव्यावर भाजून चुरलेले जिरे. शिजवताना नाही, गॅस बंद केल्यावर.

भाकरतुकडा

कोथिंबिरीचे देठ! पाचशे टक्के अनुमोदन. पानांपेक्षा देठात जास्त वास.

जुळेकरीण

खूप मिळालं इथे. प्रयोगाचा वृत्तांत देते.

काल कढई ग्रेव्हीची अर्धी बाटली, भाकरतुकडा पद्धतीनं. लसूण-काळा मसाला, दुप्पट पाणी, कूट, अंडी. अंड्यांना सुरीनं चिरा देऊन तेलात परतून घेतलं, त्यामुळे रस आतपर्यंत गेला. बाटली खळखळून धुऊन ते पाणी पण आत. गॅस बंद करून देठ. कुकर नाही, मिक्सर नाही. नवऱ्यानं अंडी सोलली. भाकऱ्या मीच केल्या. एकंदर पंचवीस मिनिटं, त्यातली पंधरा भाकऱ्यांची.

मुलगा दोनदा रस्सा मागून घेतला. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी अंडी टाकायच्या आधीच रस्सा वेगळा काढून त्यात मटार घातले. त्यांनी भाकरी कुस्करली, खाल्लं आणि म्हणाल्या, "कूट जरा कमी भाजलाय."

बाटलीबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही.

का_बे

जिंकलीस की ताई!

खमंग_काकू

कूट कमी भाजलाय म्हणजे बाकी सगळं पास. सासूच्या भाषेत हे प्रमाणपत्र. तरी माझं मत तेच. पण देठ आणि कूट मी माझ्या ताज्या वाटणात वापरून बघते.

नवी_पेठ_नवा_विचार

आणि भाकरी नवऱ्याला कधी शिकवणार?

जुळेकरीण

रविवारी. पीठ मळण्यापासून. फोटो टाकीन, हसायचं नाही.

टॉवेलवाला

मी हसणार. मला येते भाकरी. थापताना परात फिरवायची, हात नाही, एवढं सांगा त्याला. आणि पीठ जुनं असेल तर गरम पाण्यात, नाहीतर कडेला चिरा पडतात.

निवृत्त_हेडमास्तर

बार्शीचा पाहुणा, येसरचं प्रमाण वाटीत द्याल का? कोरडा असल्यानं बाहेर राहतो म्हणालात, म्हणजे माझ्या कामाचा.

बार्शीचा_पाहुणा

आमच्या घरचं प्रमाण देतो सर, करमाळकर वेगळं सांगतील. दोन वाट्या गहू, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी ज्वारी, हे वेगवेगळं मंद आचेवर खमंग भाजायचं. अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे, पाव वाटी सुकं खोबरं, आठ-दहा लाल मिरच्या, लवंग-दालचिनी-मिरी थोडी थोडी, चमचाभर तेलावर. सगळं पूर्ण निवल्यावरच दळायचं, गरम दळलं की गोळे होतात. जाडसर ठेवा. एकट्या माणसाला दोन मोठे चमचे येसर आणि दोन वाट्या पाणी. येसर आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या आधणात सोडा, थेट टाकला की गुठळ्या. डब्यात ओला चमचा घालायचा नाही. खोबऱ्यामुळे फार जुना करू नका, महिना-दोन महिन्यांपुरताच.

करमाळकर

ज्वारीऐवजी बाजरी घाला सर. बाकी बरोबर आहे, नाइलाजानं सांगतो.